आत्यांना जेवताना कुणी पाहिलंय?

आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, आणि सोशिक तर अजिबातच नाही. चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पहिली शिफ्ट. सकाळी साडेसहापासून दुपारी तीनपर्यंत माल तपासायचा, खराब निघाला की परत पाठवायचा आणि ज्याने खराब केला त्याच्याशी भांडायचं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की लाइनवरची पोरं हात जोडतात, "बास ओ कल्पना मॅडम, समजलं."

हे लिहितेय ते आमच्या आत्यांबद्दल. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सासरी सगळ्या सुना सासूला आत्याच म्हणतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांना डिमेन्शिया झाला. विसरायला होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्याकडे त्याहून वाईट झालं, त्या जेवायच्या थांबल्या. तुमच्या घरात असं माणूस असेल, भरलं ताट पुढे ठेवलं की तोंड फिरवणारं, तर हे वाचा. आम्ही तीन महिने सगळं चुकीचं केलं, अगदी मनापासून केलं, आणि त्यांना नाकातल्या नळीच्या दारात नेऊन उभं केलं.

घड्याळ

सुरुवात म्हशींपासून झाली. पुनावळ्यात आमचं शेत होतं, तिथे आता अकरा मजली सोसायटी आहे आणि आम्ही त्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. एक दिवस आत्या खाली पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभ्या राहून वॉचमनला विचारत होत्या, "म्हशी कुनी सोडल्या रं?" आम्ही हसलो. मग आमटीत तीनदा मीठ पडलं, तेव्हाही हसलो. वय झालंय, वय झालंय, असं म्हणत वर्ष घालवलं. मग एकदा त्यांनी विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्वतःच्या पोटच्या पोराला विचारलं, "पाव्हनं, कुटनं आला?" त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पिंपरीच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखवलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी आत्यांपुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, एक घड्याळ काढून दाखवा."

आत्या म्हणाल्या, "मला न्हाई बाई शाळंत घातलं. तुमच्या भितीवर हाय की येक, तितं बगा."

मॅडमही हसल्या. मग तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाल्या, आणि पाच मिनिटांनी विचारले. आत्या रागावल्या. "मला कुनीबी काय सांगितलं न्हाई. उगं आळ घेऊ नगा."

डोक्याचा फोटो झाला, रक्त तपासून झालं आणि चार दिवसांनी मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. विलास म्हणाला, "गोळ्या चालू केल्या की कधीपर्यंत बरी होईल?" मॅडम म्हणाल्या, "बऱ्या होणार नाहीत. सांभाळायचं आहे आपण." त्यांनी बरंच काही समजावलं, त्यातलं मला एकच राहिलं: जेवणाकडे लक्ष ठेवा, वजन उतरायला लागलं की लगेच या.

खाली आल्यावर विलासला गाडीची किल्ली लावता येईना. हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस, रोज शंभर कुलपं हाताळतो, आणि किल्ली हातात धरून रडत होता. मी नाही रडले. मला राग आला होता. कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून मी पार्किंगवाल्याशी भांडले.

निळं ताट

ऋतुजा, माझी मुलगी, आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. तिने नेटवर वाचलं की अशा पेशंटना गडद रंगाचं ताट द्यावं, अन्न नीट दिसतं. तिने निळं, खणाखणांचं ताट मागवलं. डायनिंग टेबलाची खिडकीकडची खुर्ची आत्यांची, असं आम्ही ठरवलं. साडेबाराला विलास दुकानातून वर यायचा आणि सगळ्यांत आधी आईला वाढायचा. पहिली भाकरी आईला. मान दिला, प्रेम दिलं, वेळ पाळली. अजून काय करतात लोक?

आत्या ताटाकडे बघायच्या आणि ते विलासपुढे सरकवायच्या. "तुमी घ्या. गरम हाय, घ्या."

"आई, माझं झालंय."

झालेलं नसायचं. त्या त्याच्याकडे टक लावून बघायच्या आणि तोंड मिटून घ्यायच्या. कधी भाकरीचा चतकोर पदरात बांधायच्या. तो दोन दिवसांनी उशीखाली सापडायचा, वाळून कडक झालेला. आम्ही म्हणायचो, आजार.

रात्रीचं जेवण माझ्याकडे. मी ताट घेऊन बसले की त्या विचारायच्या, "गडी जेवलं का?"

"कसले गडी, आत्या? शेत जाऊन पंधरा वर्षं झाली. बाहेर बघा, बिल्डिंगा आहेत."

त्या खिडकीबाहेर बघायच्या आणि चेहरा असा पडायचा की काय सांगू. खरं बोलणारी बाई ना मी! रोज जेवणाच्या वेळेला मी त्यांचं शेत नव्याने विकत होते आणि वर म्हणत होते, घास घ्या. मग घास कुठला जायला?

सगळं करून झालं. मोबाइलवर भजनं लावली. गोड केलं. तिखट केलं. चिमणीचा घास, काऊचा घास, असली थेरं ऐंशीच्या बाईपुढे केली. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला स्वतःचीच लाज वाटली. नऊवारी कमरेवर टिकेना, निऱ्या पुन्हा पुन्हा खोचाव्या लागायच्या. एका संध्याकाळी माझं डोकंच फिरलं. मी डाव्या हाताने त्यांचा जबडा धरला आणि उजव्या हाताने भात कोंबला. हो, कोंबला. लपवून काय करू? शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या घाबरल्या. भात तसाच ओठांवर राहिला आणि डोळ्यांतून पाणी. ऋतुजा ओरडली, "मम्मी, सोड आजीला!" मी ताट तिथेच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ज्याने कुणी हे केलं असेल त्याने स्वतःला राक्षस समजू नये, एवढंच सांगते. पण पुन्हा करू नये.

वॉर्ड

एका सकाळी आत्या उठल्याच नाहीत. जीभ कोरडी पडलेली, अंगात ताप. लघवीला इन्फेक्शन आणि अंगातलं पाणी कमी झालंय, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. पाच दिवस अॅडमिट.

वॉर्डचं एक बरं असतं, तिथे दिवसाला आकार असतो. सहाला फरशी पुसायला येतात, सातला ताप बघतात, दहाला राउंड, बाराला जेवणाची गाडी. गाडीवरची बाई प्रत्येक खाटेपाशी झाकलेलं ताट ठेवायची आणि ओरडायची, "पेशंटनेच खायचं हां, नातेवाइकांनी नाही!" आत्यांचं ताट रोज जसंच्या तसं परत जायचं.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. नाकात नळी. त्या नळी उपटायच्या म्हणून दोन्ही हातांना बँडेज गुंडाळून मोजे केले होते. त्यांची मुलगी दर तीन तासांनी पिचकारीने दूध सोडायची. ती बिचारी फार चांगली, मला चहा आणून द्यायची. म्हणाली, "सुरुवातीला वाईट वाटतं, मग सवय होते हो." मी आत्यांच्या हातांकडे बघितलं. भाकरी थापून थापून रुंद झालेले तळवे. त्यांना मोजे बांधायचे?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुलावर बसून माझा डबा खाल्ला. अर्धी भाकरी आणि थोडी मेथी डब्याच्या झाकणात उरली, ती तशीच ठेवून मी पाणी भरायला गेले. परत आले तर आत्या उठून बसलेल्या, झाकण मांडीवर, आणि शांतपणे जेवत होत्या. घास मोडून, मेथी पुसून घेऊन, नीट चावून. कुणी म्हणालं नसतं ही बाई आजारी आहे.

आणि मी काय केलं असेल? झाकण हिसकावलं. "अहो आत्या, उष्टं आहे ते माझं! आधीच इन्फेक्शन आहे तुम्हाला!"

त्यांनी हात मांडीवर ठेवले. हळूच म्हणाल्या, "समद्यांचं झालं न्हवं? म्हून घेतलं."

मी त्यांचे हात पुसले, हॉस्पिटलचं झाकलेलं स्वच्छ ताट उघडून पुढे ठेवलं, आणि त्यांनी तोंड फिरवलं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी मला काही कळलं नाही. माझ्यासारख्या बाईला!

घरी सोडताना मॅडमनी मला आणि विलासला केबिनमध्ये बसवलं. "दोन आठवडे बघू. तोंडाने खाल्लं तर उत्तम. अजून वजन उतरलं तर मात्र नळीचं ठरवावं लागेल." विलास म्हणाला, "नळी घातली की जेवायचा त्रास तरी संपेल तिचा." मी त्याच्यावर खेकसले.

का, का, का

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. माल खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारायचं आणि कागदावर लिहायचं. पहिल्याच 'का'ला सगळे म्हणतात, ऑपरेटर चुकला. ते उत्तर आम्ही घेत नाही. ऑपरेटर चुकला तर का चुकला? खोका हाताला उलटा पडत होता का? उजेड कमी होता का? कामाची पद्धत तपासल्याशिवाय माणसावर बोट ठेवायचं नाही. नव्या पोरींना हे मीच शिकवते.

घरी येऊन तिसरा दिवस. कंपनीच्या बसमध्ये बसले होते, तळवड्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये गाडी अडकलेली, आणि माझ्या मनात आलं, कल्पने, तू तीन महिने काय करतेयस? तू ऑपरेटरला धरून बसलीयस.

पर्समधून कागद काढला. आत्या का जेवत नाहीत? भूक नाही म्हणून. मग माझ्या झाकणातलं का खाल्लं? कारण सगळ्यांचं झालं होतं, असं त्याच म्हणाल्या. मग स्वच्छ ताट का नको? त्या ताटात अजून कुणी जेवलेलं नाही म्हणून? हे काय उत्तर झालं? बरं, आजारी पडायच्या आधी आत्या कशा जेवायच्या? इथे पेन थांबलं. मला आठवेना. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहतोय. त्या भाकरी कशी थापतात, मुंगीला कशा शिव्या देतात, झोपेत कशा घोरतात, सगळं सांगेन. पण जेवताना त्या मला दिसेचनात.

तिथूनच विलासला फोन लावला. "अहो, तुम्ही आईला जेवताना कधी पाहिलंय?"

"म्हणजे काय? जेवायचीच की."

"पाहिलंय का ते विचारते."

त्याने समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "नाही गं."

मग पिंपळे सौदागरला नणंदेला, शोभाताईंना फोन केला. ताईंना माहीत होतं, मुलगी आहेत ना त्या. "आई चुलीपाशी बसायची. गडी, अण्णा, आम्ही पोरं, सगळ्यांचं झालं की अण्णांच्याच ताटात वाढून घ्यायची. कशाला अजून एक ताट खरकटं करायचं, म्हणायची. तीन-चार वाजायचे तिला." अण्णा म्हणजे माझे सासरे. ते गेल्यावर आत्या घरात शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात वाढून घेत राहिल्या असणार. कधी विलासच्या, कधी ऋतुजाच्या. सगळे पांगल्यावर, स्वयंपाकघरात, एकट्या.

आणि त्या ताटावरूनच तर आमचं वाजलं होतं! लग्नाच्या तिसऱ्या दिवशी आत्यांनी विलासचं उष्टं ताट माझ्यापुढे ठेवलं होतं. मी म्हटलं, मी कुणाच्या उष्ट्यात जेवत नाही. ताट उचललं, घासलं, धुतलं आणि मग वाढून घेतलं. महिनाभर आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आजही तेच करेन, त्यात एक शब्दही मागे घेत नाही. पण मी माझं ताट धुतलं आणि निघून गेले. त्या कुठल्या ताटात जेवतात ते वळून बघितलं नाही. बसमध्ये मला फार वाईट वाटलं, आणि तेवढाच राग आला. साठ वर्षं त्या बाईला शेवटी जेवायला लावलं सगळ्यांनी, आणि आता आम्ही एकदम पहिल्या पंगतीला बसवून म्हणतोय, जेव.

डाग

दुसऱ्या दिवशी चारला घरी आले. विलासचं मोठं स्टीलचं ताट घासूनपुसून घेतलं. मग त्याच्या कडेला बोटाने आमटी माखली, चार शितं चिकटवली, मिरचीचं एक देठ टाकलं. आयुष्यभर डाग शोधून माल परत पाठवणारी मी, धुतल्या ताटाला डाग पाडत होते. हसूच आलं मला. मधोमध ताजी भाकरी आमटीत कुस्करून ठेवली. टेबल नाही, निळं ताट नाही. ओट्याच्या खाली पाट टाकला, आत्यांना धरून बसवलं आणि विलासला सांगितलं, तुम्ही बेडरूममध्ये जा, दार लावा, बाहेर यायचं नाही.

आत्यांनी ताटाकडे बघितलं. हात पुढे केला आणि थांबवला. "गडी जेवलं?"

"जेवले, आत्या."

"पोरं?"

"पोरं पण जेवली."

"आन् मालक?"

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झालीत. तरी म्हटलं, "जेवले. जेवून पडलेत जरा."

"आन् तू?"

ह्याची तयारी मी केली नव्हती. "मी पण जेवले," म्हटलं.

आत्यांनी माझा हात धरला, उलटा केला, बघितला. "खोटं बोलतीस. हात कोरडा हाय तुजा." आणि ओट्याला धरून उठल्याच त्या! मी धरायला गेले तर हात झटकला. दुसरं ताट घेतलं, टोपल्यातली भाकरी काढली, आमटी वाढली. निम्मी ओट्यावर सांडली. मी पहाटे पाचला उठलेली, डबा खाऊन चार तास झालेले, भूक खरंच लागली होती. गुपचूप जेवले. त्या शेजारी बसून माझ्या घासांवर लक्ष ठेवून होत्या. "घे की आजून. लाजतीस व्हय?"

माझं झाल्यावर त्यांनी माझंच ताट ओढून घेतलं. मी घाईघाईने कुस्करलेली भाकरी त्यात उलटी केली. आणि आत्या जेवल्या. एकही घास मी भरवला नाही, एकदाही 'जेवा' म्हटलं नाही. सगळं ताट संपवलं त्यांनी. बेडरूमचं दार बोटभर उघडं होतं आणि पंचावन्न वर्षांचा माझा नवरा त्या फटीतून आईला जेवताना बघत होता.

पुढे सगळ्यांनाच सवय लागली. दुपारी विलास आईसमोर बसून जेवायचा, ताट तिथेच ठेवून आत जायचा, पुरुषासमोर त्या घास उचलायच्या नाहीत. त्यातही घोळ झाला, कारण आमचे विलासराव ताट असं चाटूनपुसून ठेवतात की ते धुतल्यासारखंच दिसतं. दोन दिवस आत्या उपाशी राहिल्या तेव्हा ते ध्यानात आलं. त्याला सांगावं लागलं, अहो, जरा गबाळ्यासारखं जेवा. ऋतुजाचं निळं ताट तिनेच एक दिवस कपाटात टाकलं, वाईट वाटून घेतलं नाही.

बोलण्याचं म्हणाल तर मला एवढं उमगलं. 'जेवा' हा हुकूम आत्यांना आयुष्यात कुणी दिलाच नव्हता, तो त्याच सगळ्यांना द्यायच्या. त्यामुळे तो शब्द कानावर पडला की त्यांना वाटायचं, कुणीतरी राहिलंय. 'सगळ्यांचं झालं, आता आपलं,' एवढं म्हटलं की खांदे सैल पडायचे. मग गप्प राहायचं. त्यांच्या डोक्यावर उभं राहायचं नाही, खाली बसायचं. चूक सुधारायची नाही. म्हशी कुठे आहेत विचारलं तर म्हशी गोठ्यात. तुमच्या घरातलं वाक्य वेगळं असेल. ते आजाराच्या पुस्तकात सापडणार नाही, त्या माणसाच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या जेवणात सापडेल. तिथे शोधा.

पहिली पंगत

अर्थात घरात भांडण झालंच. रविवारी शोभाताई श्रीखंड घेऊन आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी बघितलं, आई खाली कोपऱ्यात पाटावर, पुढ्यात ऋतुजाचं उष्टं ताट. बाई, काय संतापल्या! "माझ्या आईला खरकट्यात घालता? भिकारीण आहे ती? जन्मभर तेच केलं तिने, आता तरी तिला चांगल्या ताटात मिळू नये?"

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. रविवारी श्रीखंड घेऊन येणाऱ्यांनी सोमवार ते शनिवारचं सांगू नये, वगैरे. पण त्या 'आता तरी' म्हणाल्या ना, ते मला लागलं. तेच तर मलाही वाटत होतं. मी म्हटलं, "ताई, तुम्ही घाला. मी हात लावत नाही."

ताईंनी आईला टेबलाशी बसवलं. नवं कोरं ताट, पुरी, श्रीखंड. "आई, घे ना. तुझ्यासाठी आणलंय."

"तू घे. सासरास्नं आलीस, आदी तू जेव."

"मला नको, आई. तू खा."

"न्हाई, न्हाई. तू घे."

अर्धा तास हेच. शेवटी ताई रडायला लागल्या. आत्या घाबऱ्या झाल्या, खुर्चीतून वाकून त्यांनी ताईंचं तोंड कुरवाळलं. "का रडतीस गं? सासरी जाच हाय का?" ताई साठीच्या, नातवंडं झालेली, सासू कधीच वारलेली. त्यांना रडता रडता हसू फुटलं. मग त्यांनी एक पुरी खाल्ली, दुसरी खाल्ली. आत्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ताईंनी ताट अर्धवट ठेवून हात धुतले, आणि आत्यांनी ते ताट स्वतःकडे ओढलं.

निघताना ताई लिफ्टपाशी म्हणाल्या, "कल्पना, मला फार वाटत होतं गं, तिला एकदा तरी कुणीतरी पहिल्या पंगतीला बसवावं."

"मलाही वाटत होतं, ताई," मी म्हटलं. आम्ही दोघी तिथे जरा वेळ उभ्या राहिलो, लिफ्ट दोनदा येऊन गेली.

दोन आठवड्यांनी

ह्या सगळ्याला आता पाच महिने झाले. आजार पुढे सरकतोय, मी काही चमत्कार सांगायला बसलेली नाही. काही दिवशी आत्या दोन घासांवर उठतात. काही दिवशी घास तोंडात धरून बसतात, तो गिळायचा असतो हेच विसरतात, मग मी समोर बसून रिकामंच चावून दाखवते. उद्या कदाचित हेही चालणार नाही. तेव्हा पुन्हा कागद काढीन. मला भीती वाटत नाही असं नाही, पण आता काय करायचं ते कळत नाही म्हणून जी भीती वाटायची, ती गेली.

पण त्या तपासणीचं सांगायचं राहिलंच. दोन आठवड्यांनी आम्ही आत्यांना घेऊन मॅडमकडे गेलो. काट्यावर उभं करताना विलासने डोळेच मिटून घेतले होते. नर्सने आकडा वाचला आणि मी तिला परत वाचायला लावला, सवयच आहे माझी. वजन उतरलं नव्हतं, चारशे ग्रॅम वाढलं होतं. मॅडमनी फाइलमध्ये लिहिलं, नळीची गरज नाही. विलासने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली.

मॅडम खुर्ची पुढे ओढून आत्यांच्या समोर बसल्या. मोठ्याने विचारलं, "काय आजी, सून जेवायला घालते ना वेळेवर?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांनी ओळखलं की नाही, देव जाणे. माझं नाव तर त्या कधीच विसरल्यात. पण आवाज अगदी ठणठणीत होता.

"ती काय घालती मला? कामावरनं येती दमून, तोंड सुकल्यालं असतं पोरीचं. मीच घालती तिला."

मॅडम गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"खरं आहे, मॅडम," मी म्हटलं. "रोज त्याच घालतात."